पुढे दिलेलं ताट

जयवंत भिंगारदिवेचं लफडं त्याच्या बायकोला कळलं ते फोनवरून नाही, शेजारणीकडून नाही आणि शर्टाच्या वासावरून तर नाहीच. ते कळलं प्रभुभोजनाच्या ताटामुळे.

नगरला भिंगारच्या अंगाला, जुन्या मिशन कंपाउंडात आमची ख्रिस्ती मंडळी भरते. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत प्रभुभोजन असतं. भाकरीचे बारीक तुकडे स्टीलच्या एका ताटात घालून ते बाकाबाकांवरून हातोहात फिरवतात. ज्याने त्याने एक तुकडा घ्यायचा आणि ताट शेजाऱ्याकडे द्यायचं. ज्याच्या मनात काही सलतंय, कुणाशी वैर आहे, काही लपवाछपवी चालली आहे, त्याने तुकडा न घेता ताट नुसतं पुढे द्यायचं. त्याला कुणी काही विचारत नाही. त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही, असा रिवाज आहे. बघतात सगळेच.

जयवंतने लागोपाठ तीन महिने ताट पुढे दिलं. बायकोशी खोटं बोलायला त्याने कमी केलं नव्हतं. शाळेतली मीटिंग लांबली, गाडी पंक्चर झाली, सगळं रीतसर चालू होतं. तो तुकडा मात्र त्याला उचलवेना. तिसऱ्या महिन्यात, चर्चबाहेरच्या कडुलिंबाखाली स्कूटरला किल्ली लावता लावता मृदुलाने विचारलं, "कोण आहे ती?"

मृदुला हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं, तिला बोलता येण्याआधी. पुढे ज्यांना ज्यांना तिचं बोलणं ऐकावं लागलं त्यांनी आजोबांना मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली. दिल्ली गेटजवळ तिची कवळ्या बनवायची लहानशी लॅब होती. दिवसभर लोकांच्या तोंडाचे साचे हाताळायचे आणि आपलं तोंड चालू ठेवायचं, असा तिचा दिनक्रम. जयवंत हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचा आणि मंडळीत पेटी वाजवायचा. मूलबाळ नव्हतं. दोघांचं लग्न भजनमंडळातच जमलं होतं, आणि लफडंही त्याच भजनमंडळात जमलं, हे तिला जास्त झोंबलं.

जयवंतने तिथेच, कडुलिंबाखाली, सगळं सांगून टाकलं. बाईचं नाव आशालता. नाशिकहून बदली होऊन आली होती, आता परत तिकडेच चालली होती. "संपलंय ते," तो म्हणाला. मग म्हणाला, "संपलंय असं मी मागंही एकदा ठरवलं होतं. मला माझाच भरवसा राहिला नाही, मृदुला. मी टिकली लावून घेतो. किल्ली तू ठेव."

टिकलीचं सरकारी नाव निग्रहयंत्र. ते नाव सरकारनेही फारसं वापरलं नाही. उजव्या कानामागे, केसांच्या रेषेत बसवायची चपटी चकती, मोठ्या टिकलीएवढी. आधी ती व्यसनमुक्ती केंद्रांत आली, मग तुरुंगांत, आणि त्यानंतर बघता बघता घराघरांत.

टिकली बसवणारे डॉ. बोऱ्हाडे समजावून सांगायला हुशार होते. ते म्हणाले, "माणूस हात उचलतो ना, त्याच्या आधी अर्धा एक सेकंद मेंदूत त्याची तयारी सुरू होते. आणि जे करायला निघालोय ते चूक आहे असं त्याला स्वतःला वाटत असलं, तर कपाळाच्या मागं, मधोमध, एक खटका उडतो. आतल्या आत भांडण लागल्याची खूण म्हणा. पूर्वी लोक त्याला मन खाणं म्हणायचे. ही चकती आधी दीड महिना नुसती शिकते. या माणसाचा खटका कसा उडतो, केव्हा उडतो. प्रत्येकाचा वेगळा. एकदा शिकली, की खटका दिसल्याबरोबर तिथं अगदी बारीक वीज सोडते. संपलं."

"म्हणजे झटका बसतो?" मृदुलाने विचारलं.

"छे. त्याला काही कळतही नाही. दूध उतू जायला आलं की आपण गॅस बारीक करतो. तसं. इच्छाच खाली बसते."

"आणि चूक काय नि बरोबर काय, ते कोण ठरवतं? तुमची कंपनी?"

"तीच तर गंमत आहे," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "कुणीच ठरवत नाही. त्याचं त्याचं मन ठरवतं. आपण बाहेरून काहीच लादत नाही. त्याला जे चूक वाटतं, तेवढंच त्याच्या हातून होत नाही."

किल्ली म्हणजे दुसऱ्या माणसाचा अंगठा. लावणाऱ्याच्या हाती ती देत नाहीत, कारण मोह झाला की तो सगळ्यात आधी टिकलीच बंद करील. किल्लीवाल्याने वर्षातून एकदा दवाखान्यात येऊन अंगठा द्यायचा. दिला तर वर्षभर चालू, नाही दिला तर बंद. जयवंतने मान झुकवून कानामागचे केस भादरून घेतले. मृदुलाने काचेवर अंगठा टेकवला आणि बऱ्याच महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं, हे कबूल करायला हवं. जयवंत वेळेवर घरी यायचा. विचारलं तेवढं खरं सांगायचा, न विचारलेलंही सांगायचा. ताट आलं की शांतपणे तुकडा उचलायचा. बायका मृदुलाला म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई. मग त्याच बायकांनी एकेक करून आपापल्या नवऱ्यांना दवाखान्यात नेलं. काही नवऱ्यांनी बायकांना नेलं. मंडळीची वार्षिक सभा, जिच्यात दरसाल निदान एक खुर्ची मोडायची, ती चहा निवायच्या आत संपायला लागली.

दुसऱ्या वर्षी मृदुलाच्या लक्षात आलं की जयवंत "बघू" म्हणायचा बंद झाला आहे.

हा शब्द म्हणजे तिचं जुनं दुखणं. सिनेमाला जायचं का? बघू. गळका नळ दुरुस्त करतोस का? बघू. माझ्या बहिणीकडे येतोस का? बघू. या एका शब्दावरून तिने लग्नानंतर दोनदा भांडी आपटली होती. आता तो म्हणायचा, "हो." नळाला हो, बहिणीला हो, दोडक्याच्या भाजीला हो. बायकोला टाळणं चूक आहे असं त्याला मनातून वाटत असणार, आणि टिकली लहान चूक, मोठी चूक असा भेद करत नव्हती.

रविवारी दुपारी दोघं कॅरम खेळायची. जयवंत पूर्वी अट्टल लबाड होता. तिचं लक्ष खिडकीकडे गेलं की सोंगटी बोटभर सरकवायचा, पकडलं की आईची शपथ घ्यायचा, आणि मग दोघं हसून बेजार व्हायची. आता तिला न दिसलेल्या गोष्टी तोच सांगायचा. "माझं बोट लागलं गं," म्हणून सोंगटी परत जागेवर ठेवायचा. एकदा तो जिंकला, आणि तिला कसलाच राग आला नाही. तिने कॅरम पलंगाखाली सरकवला तो सरकवलाच.

एका संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना तिने त्याला विचारलं. समोर चांदबीबीच्या महालाचा डोंगर दिसत होता. लग्नाआधी दोघं चोरून तिथे जायची.

"जयवंत, तुला इथं राहायला आवडतं का?"

"हो."

"माझ्याबरोबर?"

"हो, आवडतं की."

"आवडलं नसतं तर सांगितलं असतंस?"

त्याने खरोखर विचार केला. खोटं बोलणं चूक, आणि तिला दुखावणंही चूक. या दोन चुकांच्या मध्ये तो हातात उशीचा अभ्रा घेऊन इतका वेळ उभा राहिला की तिला त्याची दया आली. "असू दे," ती म्हणाली. तो म्हणाला, "हो."

त्या दिवसापासून तिला एकटं वाटायला लागलं. घरात माणूस होता. चहा करून देत होता, ताप आला तर पट्ट्या ठेवत होता. पण तो तिच्यासाठी थांबला आहे की त्याला जाता येत नाही म्हणून आहे, हे कळायला काही मार्गच नव्हता. विचारून उपयोग नव्हता, कारण उत्तर ठरलेलं होतं. आई गेली तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

आणि एकटं पडलेलं माणूस काही साधुसंत होत नाही. मृदुला त्याला डिवचायला लागली. आधी बारीकसारीक. भाजीत मीठ जास्त घालायची, त्याचा चष्मा लपवायची, पाहुण्यांसमोर त्याच्या आवाजाची नक्कल करायची. तो म्हणायचा, असेल, माझंच चुकलं असेल. त्याने एकदा, एकदाच, "बास कर आता" म्हणावं, यासाठी तिचा सगळा आटापिटा. तिसऱ्या वर्षी तिने त्याच्या वडिलांची पेटी देऊन टाकली.

ती साधी पेटी नव्हती. वडील ती गळ्यात अडकवून गावोगाव भजनं गात फिरले होते. जयवंत ती दुसऱ्या कुणाला पुसूही द्यायचा नाही. मृदुलाने ती राहुरीच्या एका वसतिगृहाला फुकट देऊन टाकली आणि तो शाळेतून यायची वाट बघत बसली. मनात आशा होती. आता तरी ओरडेल.

जयवंतने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. मग ते खाली बसलं. "चांगलं केलंस," तो म्हणाला. "पोरांच्या कामी येईल."

"जयवंत, मी मुद्दाम दिली रे. तुला दुखवायला दिली. मला..."

"माफ केलं," तो म्हणाला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मृदुलाने ताट पुढे दिलं. तिच्या शेजारी बसून जयवंतने तुकडा घेतला. त्याच्या पलीकडच्यांनीही घेतला. पुढच्या महिन्यात तसंच, त्याच्या पुढच्या महिन्यात तसंच. निम्म्या मंडळीच्या कानामागे टिकल्या होत्या आणि उरलेल्यांना त्यांच्या रांगेत चारचौघांसारखं दिसायचं होतं. सबंध चर्चमध्ये ताट पुढे देणारी ती एकटीच उरली.

बघायचं नसतं, तरी उपासना घेणाऱ्या पाळकबाईंनी बघितलं. निर्मला ओहोळ हे त्यांचं नाव, पण सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांनी मृदुलाला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात बसून दोघी लसूण सोलायला लागल्या.

"काय गं, कुणाशी वाकडं आलंय?" बाई म्हणाल्या.

"नवऱ्याशी. म्हणजे माझं त्याच्याशी. त्याचं कुणाशीच नाही." आणि तिने पेटीची गोष्ट सांगितली.

"मग त्यानं माफ केलंय म्हणतीस ना?"

"बाई, नळ सोडला की पाणी येतं. त्याला तुम्ही माफी म्हणता का?"

बाईंनी पुढची गड्डी फोडली. मृदुलाच्या हातातला लसूण तसाच राहिला. "मला एक सांगा," ती म्हणाली, "देवाला हे सुचलं नाही का? एवढीशी तर चकती. आपल्या नगरच्या दवाखान्यात बसवून मिळती. त्यानं माणूस केला तेव्हाच कानामागं एक लावून टाकली असती, तर पाप नाही, मारामाऱ्या नाहीत, काही नाही. म्हणे प्रेमळ देव. प्रेमळ होता तर एवढं का नाही केलं?"

"सुचलं असंल की," बाई म्हणाल्या. "हातात धरून बसलाही असंल थोडा वेळ. मग ठेवून दिली असंल बाजूला."

"का?"

"करमलं नसतं त्याला."

मृदुला हसली नाही. तिला ते फार कळलं, आणि म्हणूनच तिला राग आला. "त्याला करमावं म्हणून? मग जी माणसं मेली, ज्यांना दुसऱ्यांनी मारलं, त्यांनी काय करायचं? देवाला करमतंय म्हणून गप्प बसायचं?"

बाईंनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "माझ्या धाकट्या भावाला माहितीये ना, पुणे रोडला गाडीनं उडवलं? चालवणारा प्यायलेला होता. पिऊन बसू नये, हे त्याला कळत होतं. कोर्टात बोलला तसं. त्याच्या कानामागं टिकली असती तर आज माझा भाऊ इथं लसूण सोलत बसला असता. मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही, मृदुला. येतं म्हणणाऱ्यांची प्रवचनं मी ऐकलीत. घरी येऊन रडलीये."

"मग तुम्ही देवाला काय म्हणता?"

"भांडती. रोज भांडती. कधी कधी दोन दोन आठवडे बोलत नाही मी त्याच्याशी, नुसती उपासना घेती." त्यांनी वाटी बाजूला सरकवली. "पण एवढं आहे, मला भांडता येतं. येऊ नये असं त्यानं केलं नाही. तुझ्या नवऱ्याला तेवढंही येत नाही बघ."

मृदुला घरी आली तेव्हा जयवंत वह्या तपासत होता. तिला बघून उठला आणि चहा ठेवायला आत गेला. ती दारातच उभी राहून त्याची पाठ बघत राहिली. तिला त्याची इतकी आठवण आली की समोर असलेल्या माणसाची अशी आठवण येऊ शकते, याचंच तिला नवल वाटलं.

अंगठा द्यायचा दिवस आला. स्कूटरवर बसण्याआधी तिने विचारलं, "जयवंत, यंदा अंगठा नको द्यायला, असं वाटतंय मला. तुझं काय म्हणणं?"

"तुला योग्य वाटेल ते."

"तुला काय वाटतं ते विचारतेय."

"मी तुला शब्द दिलाय. काढ असं मी कसं म्हणू?"

म्हणजे त्याला म्हणताच येत नव्हतं. सुटका मागणं हीसुद्धा त्याच्या मते चूकच होती. तुरुंगातल्या माणसाला निदान दार वाजवता येतं. जे करायचं ते तिलाच करावं लागणार होतं, आणि केल्यावर तो निघून गेला तर रिकामं घरही तिलाच सांभाळावं लागणार होतं.

डॉ. बोऱ्हाडेंनी आता तिला खुर्चीवर नीट टेकून बसायला सांगितलं. "ताई, एक समजून घ्या. यात काहीही पुसलं गेलेलं नाही. गेल्या तीन वर्षांतलं सगळं त्यांना आठवतंय. फक्त त्या आठवणींना धार नव्हती. बंद केलं की धार परत येईल. सगळी एकदम. आणि दुसरं, वापरात नसलेला पाय प्लास्टर काढल्यावर लटपटतो, तसं मनाचंही होतं. पहिले काही महिने मोह झाला तर अडवायची सवय राहिलेली नसते. त्यांचं जुनं प्रकरण मला माहीत आहे, म्हणून सांगतोय. तुम्ही अंगठा द्या आणि निवांत राहा. सगळे देतात."

काच तिच्यासमोर होती, हिरवी, मंद उजेडाची. जयवंत शेजारी बसून तिच्याकडे बघत होता, नेहमीसारखा, प्रसन्न. मृदुलाच्या मनात आशालता येऊन गेली, नाशिकची एसटी येऊन गेली. रात्री शेजारची रिकामी उशी येऊन गेली. अंगठा द्यावा असं तिला इतकं वाटलं की तिने दोन्ही हात पर्समध्ये घातले आणि आतून चेन घट्ट धरली. काच थोडा वेळ वाट बघत राहिली आणि विझली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर जयवंत थबकला. त्याने कानामागे हात लावला, जिथे चकती काढून चिकटपट्टी लावली होती. बराच वेळ तो रस्त्यावरच्या वाहनांकडे बघत उभा राहिला. मग स्कूटरवर मागे न बसता म्हणाला, "मी चालत येतो."

तो घरी आला, पण बोलला नाही. जेवला नाही. पेटीच्या रिकाम्या कोपऱ्यासमोर खुर्ची ओढून बसला. मृदुलाने दोनदा त्याला हाक मारली. दुसऱ्यांदा त्याने मान वर केली, तेव्हा त्याचे डोळे इतके अनोळखी होते की ती मागे सरली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पिशवी भरली.

"कुठं चाललास?"

"माहीत नाही."

"परत येणारेस?"

दार त्याने आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. तीन वर्षं ती ज्या आवाजाची वाट बघत होती तो हा आवाज, आणि तो ऐकून ती जमिनीवर बसून लहान पोरीसारखी रडली.

तिने फोन केला नाही. दहा वेळा हातात घेतला आणि दहा वेळा ठेवला. बोलावलं तर कदाचित तो आलाही असता, दयेने, सवयीने, लाजेने. तिला तसं यायला नको होतं. लॅबमध्ये ती कवळ्या घासत बसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, हल्ली तुम्ही बोलत नाही ताई. घरी एका माणसाचा कुकर लावायची, आणि भात उरायचा. टिकलीवाला नवरा निदान शेजारी घोरायचा तरी. आपण मूर्खपणा केला, असं तिला रोज एकदा तरी वाटायचं, आणि काही दिवस तर ते दिवसभर वाटायचं. बायका भेटल्या की म्हणायच्या, अगं, नुसता अंगठा तर द्यायचा होता.

पहिला रविवार आला. ताट आलं, तिने पुढे दिलं. शेजारची जागा रिकामी होती, म्हणून हात लांब करावा लागला.

त्याच्या पुढच्या महिन्यातल्या रविवारी दुसरं गीत चालू असताना बाक करकरला. ओळखीचा खोकला ऐकू आला. जयवंत तिच्या शेजारी बसला होता. वाळला होता. दाढी वाढली होती आणि तीत तिला माहीत नसलेले पांढरे केस होते. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिनेही मान वळवली नाही. मांडीवरचे हात तेवढे तिने एकमेकांत घट्ट गुंतवले.

प्रार्थना झाली. ताट निघालं. पहिला बाक, दुसरा बाक. सगळे तुकडा घेत होते. मृदुलाला आता एकच गोष्ट कळायला हवी होती. त्याने तुकडा घेतला, तर मन स्वच्छ आहे, नाशिकला गेला नाही. नाही घेतला, तर गेला. तीन वर्षांपूर्वी तिने त्याला या ताटावरच वाचलं होतं, आताही वाचणार होती. ताट जयवंतच्या हातात आलं. त्याने ते नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. बोटं तुकड्यांपर्यंत गेली आणि मागे आली.

त्याने ताट पुढे दिलं.

मृदुलाच्या हातात ते आलं तेव्हा तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिनेही पुढे दिलं. वेदीजवळ उभ्या असलेल्या पाळकबाईंनी त्या बाकाकडे बघितलं आणि रिवाजाप्रमाणे दुसरीकडे नजर वळवली.

उपासना सुटल्यावर कडुलिंबाखाली स्कूटरजवळ दोघं उभी राहिली. आजूबाजूचे लोक सलाम करत गेले, कुणी थांबलं नाही.

"नाशिकला गेला होतास," मृदुला म्हणाली. तिने प्रश्न विचारला नव्हता.

"स्टँडपर्यंत गेलो होतो. गाडी लागलेली होती. तिकीटही काढलं."

"मग?"

"नाही बसलो."

"का?"

"ते नाही सांगता येत मला. कुणी अडवलं नाही, एवढं खरं. मी कानाला हात लावून बघितला. काहीच नव्हतं तिथं." त्याने खरोखर पुन्हा कानामागे हात नेला. "मग राहुरीला गेलो. तिथंच होतो इतके दिवस, त्या वसतिगृहात. पोरांनी पेटीचा भाता फाडलाय. दोन सूर गेलेत."

मृदुला म्हणाली, "मग आत्ता ताट का पुढं दिलंस?"

जयवंतने तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता. "कारण मला तुझा राग आलाय म्हणून! बापाची पेटी होती ती, मृदुला. तुला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दिलीस. आणि तीन वर्षं! तीन वर्षं मला मीठ चारलंस, माझी टिंगल केलीस, आणि दरसाल जाऊन अंगठा देऊन आलीस. मला कुलूप लावून तू बाहेरून दार वाजवत बसलीस. मीच लावून घेतलं, ते मान्य आहे. माझं पापही मान्य आहे. तरी राग आलाय. खूप प्रयत्न केला मी आत बसून. नाही जमत. नाही माफ करता येत मला."

दोन-तीन माणसं मागे वळून बघायला लागली. मंडळीच्या आवारात इतक्या मोठ्याने कुणी बोललेलं बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

"नको करूस," मृदुला म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "इतक्यात नको करूस. मी थांबते."

तो गेला नाही. कडुलिंबाची पिवळी पानं स्कूटरवर पडत होती. त्याने एक पान उचललं, दुमडलं, टाकून दिलं.

तिने पर्समधून किल्ली काढली. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"घरी येतोस?"

"बघू," जयवंत म्हणाला.

मृदुलाने स्कूटर सुरू केली नाही. पदराने ती मागच्या सीटवरची धूळ पुसत उभी राहिली.